कारंजं चालूच होतं

१

दुपारचा चहा झाला की बाबा सिनेमा बघायला बसतात. आमच्या घरात हा नेम कितीतरी वर्षांचा आहे. टीव्हीचा आवाज बंद असतो, कारण त्यांना त्याचा उपयोग नाही. खाली अक्षरं उमटतात, ती ते वाचतात. मी घरी असले तर माझ्यापुरता थोडा आवाज ठेवते आणि शेजारी बसून भाजी निवडते.

बाबा म्हणजे मार्तंड सर. पारनेरमध्ये त्यांच्या हाताखाली इंग्रजी शिकलेली माणसं अजून रस्त्यात वाकून नमस्कार करतात. तिशी उलटल्यावर त्यांना क्षय झाला. इंजेक्शनांनी फुप्फुसं बरी केली आणि कान नेले. त्या काळी ते व्हायचं. मी तेव्हा दोन-तीन वर्षांची असेन. सुहास, माझा धाकटा भाऊ, त्यानंतर झाला. त्याचा आवाज बाबांनी कधीच ऐकलेला नाही.

मी पुढे कानाचंच शिक्षण घेतलं, हे उघडच त्यामुळे. नगरला एका दवाखान्यात मी लोकांची ऐकण्याची तपासणी करते. आता अहिल्यानगर म्हणतात, पण तोंडात नगरच बसलंय. आई गेल्यापासून मी पारनेरला बाबांजवळ राहते आणि आठवड्यातले काही दिवस जाऊन-येऊन काम करते. बाबांना मी स्वतः आवाजबंद खोलीत बसवून तपासलंय, एकदा नाही, अनेकदा. यंत्र जितका मोठा आवाज देऊ शकतं तितका दिला तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. काही लोकांना थोडंफार ऐकू येत असतं आणि ते मान्य करत नाहीत. बाबा तसे नाहीत. तिथे खरोखरच काही उरलेलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

२

सुहास पुण्याला असतो. त्याला जुन्या सिनेमांच्या डिस्क जमवायचा नाद आहे. आता सगळं मोबाईलवर बघता येतं, पण त्याला हातात धरायला काहीतरी लागतं. संक्रांतीला आला तेव्हा त्याने एक डिस्क आणली. नव्वदेक वर्षांपूर्वीचा हॉलिवूडचा कृष्णधवल संगीतपट, नव्याने साफसूफ करून पुन्हा बाजारात आणलेला. एक प्रत त्याने स्वतःला ठेवली होती, एक बाबांना. सिनेमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी शोधून बघेल, आणि आता त्यात बघण्यासारखं काही नाही.

तिळगूळ खात आम्ही तिघं बघायला बसलो. चित्र इतकं स्वच्छ होतं की नायकाच्या कोटाचं कापड हाताला लागेल असं वाटावं. गोष्ट नेहमीचीच. श्रीमंत हॉटेल, गैरसमज, गाणी. नाच मात्र बघत राहावेत असे. बुटांच्या टाचांनी फरशीवर ताल धरून नाचायचा तो प्रकार. पाय दिसायच्या आधी कानाला कळायचे.

शेवटाकडे एक पाटी आली. पुढच्या नाचाचा मूळ आवाज नष्ट झाला आहे, दृश्य जसं मिळालं तसं देत आहोत, असं तिच्यावर लिहिलं होतं.

मग हॉटेलचं दालन उघडलं. पांढरा रुंद जिना, जिन्यावर दोन्ही बाजूंनी ओळीत उभ्या मुली, मधोमध कारंजं, आणि त्याच्या पुढ्यात नायक-नायिका. तो काळ्या कोटात, ती पिसांच्या पांढऱ्या झग्यात. सगळे नाचायला लागले, आणि आवाज अजिबात नव्हता. वाद्यं नाहीत, पाय नाहीत, साधी खरखरसुद्धा नाही. माझ्या आवाजबंद खोलीत पहिल्यांदा येणारे लोक घाबरतात, तसं मला झालं. सुहासही उगाच खाकरला.

बाबा पुढे सरकून बसले. म्हणाले, "हे बरंय. आता आपण तिघं सारखे."

आम्ही हसलो. त्यांचे पाय फरशीवर हलकेच हलत होते. नाच बघताना कुणाचेही हलतात.

३

त्यानंतर बाबा रोज तोच सिनेमा लावू लागले. पूर्ण नाही, फक्त तो नाच. मला याचं काही वाटलं नाही. म्हातारपणी माणसं एखादी गोष्ट धरतात.

आमच्याकडे स्वयंपाकाला आणि घरकामाला छबूबाई येतात. एकदा मी नगरहून परतले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. घरी जायची वेळ टळून गेली होती. म्हणाल्या, बाबा दुपारी पाय आपटत्यात. मी म्हटलं, आपटू द्या, टीव्ही बघून ताल धरत असतील. त्या म्हणाल्या, "टीवीकडं पाठ हुती, ताई."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले. बाहेरच्या दारापाशीच आवाज ऐकू आला. टाच, चवडा, टाच, मधेच एक घासलेलं पाऊल. बाबा अनवाणी होते, पण शहाबादी फरशीवर त्यांची टाच सुक्या लाकडासारखी वाजत होती. खुर्ची खिडकीकडे वळवून, मांडीवर ताट घेऊन ते पावटे सोलत होते. त्यांच्या पाठीमागे टीव्हीवर तो नाच चालला होता, बिनआवाजाचा. आणि त्या बिनआवाजाच्या नाचाला लागेल तो नेमका आवाज बाबांचे पाय देत होते.

मी उभी राहून बघितलं. नायकाचं पाऊल पडायचं तेव्हा बाबांची टाच पडायची. तो गिरकी घेऊन थांबायचा तेव्हा बाबांचे पायही थांबायचे. हात मात्र शेंगा सोलत होते.

खिडकीच्या काचेत टीव्हीचं प्रतिबिंब पडत असणार, असं मी मनाशी म्हटलं. मग वाटलं, रोज बघून पाठ झालं असेल. ही दोन्ही उत्तरं चांगली होती. मला ती पुरायला हवी होती.

४

माझं कामच असं की खात्री करून घेतल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीचा पडदा ओढला, बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तपासणी आहे म्हणून सांगितलं. त्यांना सवय आहे. मी मोबाईलमध्ये बोलते, पडद्यावर अक्षरं येतात, ती वाचून ते मान हलवतात. छोटं वाक्य असेल तर माझ्या ओठांवरूनच ओळखतात.

नाच मी सुरुवातीपासून लावला नाही. मधूनच कुठून तरी लावला. बाबांना त्यातलं काही दिसणं शक्य नव्हतं, मी बटण केव्हा दाबलं तेही कळणं शक्य नव्हतं. त्यांचा पाय उठला आणि बरोबर त्या जागी पडला. मी बंद केलं, पाय थांबला. दुसरीकडून लावलं, पाय तिथून सुरू. छबूबाई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बघत होत्या. त्यांच्या हाताला कणीक तशीच वाळत चालली होती.

फरशीतून काही हादरे येत असतील म्हणावं, तर टीव्हीतून आवाजच येत नव्हता. मग मी जवळ जाऊन, एकदा बाबांच्या टाचेकडे आणि एकदा पडद्याकडे, असं बघायला लागले. माणूस दुसऱ्याचं बघून ताल धरतो तेव्हा किंचित उशीर होतो. कितीही सराव असला तरी डोळ्यातून पायापर्यंत पोचायला वेळ लागतोच. तो उशीर मी शोधत होते.

तो सापडला. पण उलटा होता.

बाबांची टाच आधी वाजत होती. कणभरच, पण आधी. त्यानंतर पडद्यावरचं पाऊल पडत होतं. नायकाचं, नायिकेचं, जिन्यावरच्या सगळ्या मुलींचं.

मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हसले. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळं काही नव्हतं. चहा झाला का, एवढंच त्यांनी विचारलं.

५

पुढच्या दुपारी ते थांबले.

मी शेजारीच होते. नाच रंगात आला होता आणि बाबांना दम लागला. त्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातली आहे, जास्त श्रम करायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं आहे. त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि पाय जमिनीला टेकवून स्वस्थ बसले. मी गोळी आणायला उठले. ती बाबांना देऊन वळते तर पडद्यावर सगळे उभे होते.

मला आधी वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं. मग कारंज्याकडे लक्ष गेलं. कारंजं चालूच होतं. पाणी वर उसळत होतं, थेंब कडेच्या दगडावर फुटत होते. नायिकेच्या झग्याची पिसं वाऱ्याने हलावीत तशी हलत होती. नाचून दमलेल्या माणसाची छाती भात्यासारखी वरखाली होते, तशी प्रत्येकाची होत होती. नायकाची नजर खाली वळलेली होती आणि मान थोडी कलती होती. अशी मान मी रोज बघते. बारीकसा आवाज येतो का, हे कान देऊन ऐकणाऱ्या माणसाची ती मान असते.

मी बटण दाबून चित्र थांबवलं. पाणी थांबलं. पुन्हा दाबलं. पाणी वाहायला लागलं. माणसं उभीच.

छबूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. किती वेळ आम्ही दोघी तशा बघत होतो कोण जाणे. खोली शांत होती, माळावरून येणारा वारा तेवढा खिडकीला लागत होता. भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. मोठ्या देवळात दर्शनाला उभं असताना सगळी माणसं एकदम गप्प होतात, तेव्हा वाटतं तसं. आपण मोठ्याने श्वाससुद्धा घेऊ नये.

छबूबाई हळूच म्हणाल्या, "ह्ये कुनाची वाट बघत्यात?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी छबूबाईंना ऐकलेलं नव्हतं, त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. पडद्याकडे बघून ते म्हणाले, "थांबलेत माझ्यासाठी."

६

मी ती डिस्क काढली आणि पर्समध्ये टाकून नगरला घेऊन गेले. दवाखान्यातल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. बाबांनी काही तक्रार केली नाही. दुपारी चहा झाला की ते बंद टीव्हीसमोर बसायचे, पाय एकमेकांवर घेऊन, हलू नयेत म्हणून दाबून धरल्यासारखे. जेवण कमी झालं. विचारलं तर म्हणायचे, ठीक आहे.

मी स्वतःला बरंच काही समजावलं. डिस्क सदोष असेल. मी थकले असेन. छबूबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघून तेच बघितलं असेल. हे सगळं मी बसमध्ये बसून मनाशी मांडायचे आणि पारनेरच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते मोडून पडायचं.

अशात सुहासचा फोन आला. बाबांची चौकशी झाली, माझी झाली, आणि मग त्याने सहज विचारलं, तुमची डिस्क नीट चालते का. त्याच्या डिस्कमध्ये तो मुका नाच मध्येच थांबायला लागला होता. आधी व्यवस्थित होता. त्याला वाटलं ओरखडा पडला, पण डिस्क आरशासारखी स्वच्छ. इंटरनेटवर तो ज्या मंडळींशी या विषयावर बोलतो, त्यांच्यातही हेच चाललं होतं. कुठे कॅनडात, कुठे जपानात, लोक वैतागून लिहीत होते. काहींनी डिस्क बदलून घेतली. बदलून आलेलीतही तेच. छपाईतली चूक असणार, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

मी विचारलं, थांबतो म्हणजे काय होतं?

"माणसं उभी राहतात, ताई. पाणी मात्र चालू असतं." मग तो जरा अडखळला. त्याचा आवाज बदलला. "एक सांगू? काल लावलं तेव्हा जिन्यावरच्या मुलींपैकी एक खाली बसलेली होती. आधी ती उभी होती, मला नक्की आठवतंय. पायरीवर बसून घोटा चोळत होती. रडत वगैरे नव्हती. नुसती दमली होती."

तो म्हणाला, हॅलो, आवाज जातोय का? मी म्हटलं, नाही, ऐकू येतंय.

७

त्या दिवशी मी बाबांच्या समोर बसले आणि मोबाईल न वापरता, ओठ नीट हलवत विचारलं, तुम्हाला ऐकू येतं का?

त्यांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी मला सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. ऐकू काहीच येत नाही. फक्त पुढचं पाऊल कुठे पडायचं हे तळव्याला कळतं, जिना उतरताना पुढची पायरी कळते तसं. पहिल्या दिवशी, सुहास होता तेव्हाच कळलं. तेव्हा गंमत वाटली. नंतर लक्षात आलं की आपण पाऊल टाकलं तरच ते टाकतात. आता डिस्क समोर नसली तरी पाऊल कुठे पडायचंय ते कळत राहतं. झोपेतसुद्धा तळवा जागा असतो.

मी म्हटलं, तुमच्या जिवाला धोका आहे. त्यांना ते मान्य होतं. शेवट किती लांब आहे, असं विचारल्यावर म्हणाले, थोडाच राहिलाय, पण फार भरभर आहे.

मी रडायला लागले. माझे वडील दुसऱ्याच्या रडण्याने फारसे विरघळणारे नाहीत. वर्गात मुलं रडली की खिडकीबाहेर बघत थांबायचे. आताही तसेच थांबले. मग म्हणाले, "देवू, त्यांचा आवाज गेलाय, माझे कान गेलेत. यात कोण कुणाला काय देतंय ते मला कळत नाही. पण अर्ध्यावर सोडलंय ते मी. ती माणसं उभी आहेत."

जिन्यावरच्या मुलीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. डिस्क आणते, एवढंच मी म्हटलं.

८

रविवार होता. छबूबाईंना सुट्टी असते, पण त्या आल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. बाबांची नाडी मी बघितली, जिभेखाली ठेवायची गोळी हातात धरली, डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला. माळावर लख्ख ऊन होतं. एवढ्या उजेडात काही वाईट होत नसतं, असं काहीतरी मी मनात म्हणत होते.

डिस्क लावली. पडद्यावर सगळे उभेच होते. कारंजं चालू होतं. पायरीवरची मुलगी बसलेली होती, कठड्याला डोकं टेकून.

बाबा या वेळी खुर्चीत बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांनी धोतर थोडं वर खोचलं आणि उजवी टाच उचलली. पायरीवरच्या मुलीने डोकं वर केलं आणि ती उठली.

टाच पडली.

पुढचं मी क्रमाने सांगू शकत नाही. सुरुवातीला एका म्हाताऱ्या माणसाचे दोन पाय वाजत होते. मग त्या दोन पायांना पुरणार नाहीत इतके आवाज खोलीत यायला लागले. स्वयंपाकघराच्या मांडणीवरची ताटं किणकिणली. माझ्या तळव्यांखाली फरशी थरथरत होती. बाबांचे पाय मला दिसत होते, आणि ते जेवढे हलत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त वाजत होतं. जिन्यावरच्या ओळी लाटेसारख्या खाली येत होत्या, वर जात होत्या. मी इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. गोळी माझ्या मुठीत विरघळून गेली, मला कळलं नाही. छबूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

बाबांना दम लागला होता. ओठ पांढरे पडले होते. मी पुढे झाले, पण त्यांना धरायला माझा हात उठेना. धरलं असतं तर पाऊल चुकलं असतं.

शेवटचं पाऊल त्यांनी दोन्ही पायांनी टाकलं. आवाज एकच आला, आणि घर एकदम स्तब्ध झालं.

पडद्यावर सगळे थांबले. मग त्यांनी मान लवून नमस्कार केला. समोर नाही, जरा डावीकडे, खुर्चीपाशी बाबा उभे होते तिकडे.

मी "बाबा" अशी हाक मारली, आणि ती मला ऐकू आली नाही.

पुन्हा मारली. घसा हलला, आवाज नाही. छबूबाईंचे ओठ हलत होते, तेही मुके. पंखा फिरत होता, बाहेर बाभळ वाऱ्याने वाकत होती, आणि कशालाच आवाज नव्हता. मी टाळी वाजवली. तळहात झोंबले, बाकी काही नाही. आयुष्यभर मी ज्याची मापं घेत आले ते असं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. ते काळं नसतं, पांढरंही नसतं. नसतंच काही.

पडद्यावर नायकाने मान वर केली. त्याने एक पाय उचलला आणि हलकेच टेकवला. मग नायिकेने. मग जिन्यावरच्या पहिल्या ओळीने, मग दुसऱ्या. या वेळी बाबांचे पाय जागचे हलले नव्हते.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, आणि मान थोडी कलती झाली होती. माझ्या खोलीत बसून त्यांनी ती मान कधी कलती केली नव्हती. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी डोळे न उघडता माझ्या हातावर हात ठेवला. ते काय म्हणाले ते मी त्यांच्या ओठांवरून वाचलं.

"थांब जरा. ऐकू दे."

मला एकदा पडद्याकडे बघायचा मोह झाला. जिना जिथे वर अंधारात शिरतो तिथे अजून कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, ओळीच्या मागे ओळ. नक्की दिसायच्या आत मी नजर काढून बाबांच्या चेहऱ्यावर ठेवली. तो नाच संपेपर्यंत मी तिथून ती हलवली नाही.

९

आवाज परत आला तो रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा. मग छबूबाईंच्या हुंदक्याचा. टीव्हीवर पुढचा प्रसंग सुरू झाला होता, नायक-नायिका बोटीवर काहीतरी विनोदी बोलत होते. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. नाडी जलद होती, पण ठीक होती. छबूबाईंना मी नंतर विचारलं, तुम्हाला मधे काही ऐकू आलं का? त्या म्हणाल्या, "न्हाई. पर आपल्याला यायचं न्हवतंच ते."

सुहासने कळवलं की त्याची डिस्क आपोआप सुधारली. इतरांच्याही. नाच आता शेवटपर्यंत जातो, मुका, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. बाबांनी तो पुन्हा लावला नाही. रात्री शांत झोपतात, जेवण पूर्वीसारखं झालं.

तरी मी त्यांना नगरला नेलं. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं, आणि मग आवाजबंद खोलीत बसवून कानांना यंत्र लावलं. सगळ्यात मोठा आवाज दिला. काचेपलीकडे ते शांतपणे माझ्याकडे बघत बसले होते. काही नव्हतं. पूर्वी होतं तसंच.

परतताना मी गाडी केली होती. सुप्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आली होती. इतका वेळ मी धीर धरला होता. गाडी बाजूला घ्यायला लावली आणि बाबांना विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय ऐकलंत?

इंग्रजी शिकवलेल्या माणसाला शब्द सापडेना.

"नाचणाऱ्यांचे पाय ऐकू आले," ते म्हणाले. "आणि त्यांच्या मागे जे नाचत नव्हते, नुसते उभे राहून ऐकत होते, त्यांचा श्वास."

किती जण होते, असं मी विचारलं.

बाबांनी काच खाली केली. रस्त्याच्या कडेपासून थेट आभाळापर्यंत ज्वारीची कणसं एकाला एक लागून उभी होती. वारा पडला होता, एकही हलत नव्हतं. त्यांनी हात बाहेर काढून तिकडे दाखवलं आणि तो तसाच धरून ठेवला.